मधुमेह, मूत्रपिंड आणि एक दुर्लक्षित तपासणी

रक्तातील साखर नियमित मोजणारे अनेक मधुमेही लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी मात्र वर्षानुवर्षे करत नाहीत. मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेची पहिली खूण याच तपासणीत दिसते आणि ती दिसते तेव्हा उपचारांना पुरेसा वाव असतो. ही तपासणी नेमकी काय आहे, ती कोणी व केव्हा करावी आणि तिच्यातील आकड्यांचा अर्थ काय, याचा हा आढावा.

मधुमेह या शब्दातच लघवीचा उल्लेख आहे. 'मेह' म्हणजे मूत्राचा स्राव. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांतील एकाला मधुमेह हे नाव दिले. लघवीला मुंग्या लागणे ही या विकाराची खूण असल्याची नोंदही त्या ग्रंथांत सापडते. पुढे विसाव्या शतकात बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत ते द्रावण आणि लघवीचे काही थेंब घेऊन तापवायचे. निळा रंग राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा झाला तर थोडी आणि विटकरी झाला तर पुष्कळ, असा तो हिशेब होता. अनेक घरांतील ज्येष्ठांना ती परीक्षानळी आणि तो स्पिरिटचा दिवा आजही आठवत असेल.

त्यानंतर बोटाला सुई टोचून क्षणार्धात साखर सांगणारे ग्लुकोमीटर आले. तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी 'एचबीएवनसी' चाचणी रूढ झाली. साखर मोजण्यासाठी लघवीची गरज उरली नाही, हे योग्यच झाले. मात्र त्यासोबत लघवीची तपासणीच मधुमेहाच्या विचारातून बाहेर पडली, हे योग्य झाले नाही. कारण आता लघवीत शोधायची आहे ती साखर नव्हे, तर अल्ब्युमिन नावाचे प्रथिन. साखर किती आहे हे रक्त सांगते. त्या साखरेने मूत्रपिंडाचे काय केले, हे लघवी सांगते.

हा प्रश्न किती लोकांचा आहे, याची कल्पना आकड्यांवरून यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या ५२ हजारांहून अधिक भारतीय रुग्णांच्या नोंदवहीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विकाराचे सर्वांत मोठे एकच कारण मधुमेह हे होते. सुमारे ३१ टक्के रुग्णांचे मूत्रपिंड त्यामुळे बिघडले होते. डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या अशा रुग्णांचा प्रवास बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी, कोणताही त्रास जाणवत नसताना सुरू झालेला असतो.

गाळणी कशी बिघडते?

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सगळा पुन्हा शोषून घेतात. दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर पडते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर जावीत आणि उपयुक्त प्रथिने आत राहावीत, यासाठी या गाळणीची भिंत तीन थरांची असते. आतून रक्तवाहिनीचे अस्तर, मध्ये एक पातळ पापुद्रा आणि बाहेरून बोटांसारखी टोके एकमेकांत गुंतवून बसलेल्या विशिष्ट पेशी.

रक्तात साखर दीर्घकाळ जास्त राहिली की या तिन्ही थरांवर परिणाम होतो. सुरुवातीला गाळणीतील दाब वाढतो. गाळणीत रक्त आणणारी वाहिनी सैल पडते आणि रक्त बाहेर नेणारी तुलनेने आवळलेली राहते. त्यामुळे मूत्रपिंड सुरुवातीची काही वर्षे गरजेपेक्षा जास्त काम करते. या काळात रक्ताचे अहवाल नेहमीपेक्षाही चांगले दिसू शकतात. हळूहळू मधला पापुद्रा जाड होतो, त्याची निवड करण्याची शक्ती घटते, बाहेरच्या पेशी गळून पडू लागतात. त्या गळून पडल्या की त्यांची जागा भरून काढणे शरीराला फारसे जमत नाही. मग एरवी आत राहणारे अल्ब्युमिन अल्प प्रमाणात लघवीत झिरपू लागते.

निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन जाते. हे प्रमाण ३० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यान गेले, तर त्या अवस्थेला आजवर 'मायक्रोअल्ब्युमिनुरिया' म्हटले जाई. नावातील 'मायक्रो'मुळे अल्ब्युमिनचा रेणूच लहान असावा असा समज होतो. वास्तविक रेणू तोच, फक्त त्याचे प्रमाण सूक्ष्म. शिवाय या नावामुळे धोकाही सूक्ष्मच वाटू लागतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१२ पासून 'अल्ब्युमिनचे मध्यम वाढलेले प्रमाण' असा शब्दप्रयोग स्वीकारला. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर मात्र जुने नाव अजूनही आढळते.

मेणबत्तीपासून सूक्ष्म चाचणीपर्यंत

लघवीतील प्रथिनाचा आणि मूत्रपिंडाच्या आजाराचा संबंध प्रथम ठळकपणे मांडला तो लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ मध्ये. त्यांची पद्धत साधी होती. चमच्यात रुग्णाची लघवी घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवायची. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर गोठतो, तसे लघवीत प्रथिन असेल तर ती गढूळ होते. मधुमेहींच्या मूत्रपिंडातील विशिष्ट गाठींचे वर्णन १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी केले. परंतु तोवर जे दिसत होते ते सारे उशिराचे होते.

चमच्यात गढूळ होण्याइतके प्रथिन येण्यापूर्वीची अवस्था पकडण्याचे साधन १९६३ मध्ये हाती आले. हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अल्ब्युमिनचे अत्यल्प प्रमाण मोजणारी पद्धत प्रसिद्ध केली. योगायोग असा, की हे कामही गाइज रुग्णालयातच झाले. तेथीलच जियानकार्लो व्हिबर्टी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तिचे महत्त्व सिद्ध केले. इन्शुलिनवर असलेल्या ६३ रुग्णांचे अल्ब्युमिन चौदा वर्षांपूर्वी मोजलेले होते. ज्या ५५ जणांत ते कमी होते, त्यांपैकी अवघ्या दोघांना पुढे उघड मूत्रपिंडविकार जडला. ज्या आठ जणांत ते किंचित वाढलेले होते, त्यांपैकी सात जणांना तो जडला. डेन्मार्कचे कार्ल एरिक मोगेन्सन यांनी १९८४ मध्ये प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही हीच गोष्ट दाखवली आणि अशा रुग्णांत अकाली मृत्यूचे प्रमाणही जास्त असल्याचे नोंदवले.

या निष्कर्षांचा अर्थ मोठा होता. ज्या आजाराची जाणीव रुग्णाला पाय सुजल्यावर होत असे, त्याची पूर्वसूचना दशकभर आधी मिळू शकत होती.

नेमकी कोणती तपासणी?

येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. 'युरिन रुटीन' ही सर्वत्र केली जाणारी तपासणी वेगळी आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे 'एसीआर' वेगळे. रुटीन तपासणीत रंग बदलणारी कागदी पट्टी लघवीत बुडवतात. लिटरमागे साधारणतः १५० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असल्याशिवाय तिचा रंग निश्चितपणे बदलत नाही. त्यामुळे अहवालावर 'प्रोटीन : निल' असे छापून आले तरी मूत्रपिंड सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. सुरुवातीची गळती या पट्टीच्या नजरेतून निसटते.

पूर्वी अल्ब्युमिन मोजण्यासाठी चोवीस तासांची लघवी मोठ्या कॅनमध्ये साठवावी लागे. कचेरीत जाणाऱ्याला ते जमत नसे, एखाद्या वेळची लघवी साठवायची राहून जाई आणि हिशेब चुके. आता एका वेळच्या लघवीचा छोटासा नमुना पुरतो. परंतु अशा नमुन्यात एक अडचण असते. माणूस किती पाणी प्यायला, यावर लघवी घट्ट की पातळ हे ठरते आणि त्यानुसार अल्ब्युमिनचा आकडा वरखाली होतो.

ही अडचण क्रिएटिनिनने सुटते. स्नायूंमधून तयार होणारे हे टाकाऊ द्रव्य एका व्यक्तीच्या लघवीतून दररोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात बाहेर पडते. लघवी पातळ झाली की अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ होतात. दोहोंचा भागाकार केला की पाण्याचा परिणाम निघून जातो. एक उदाहरण घेऊ. दोन व्यक्तींच्या लघवीत लिटरमागे २० मिलिग्रॅम एवढेच अल्ब्युमिन आहे. पहिल्याची लघवी घट्ट आहे आणि तीत लिटरमागे २ ग्रॅम क्रिएटिनिन आहे. त्याचे गुणोत्तर १० आले, म्हणजे निर्धोक. दुसऱ्याने भरपूर पाणी प्यायले आहे आणि त्याच्या लघवीत लिटरमागे ०.४ ग्रॅम क्रिएटिनिन आहे. त्याचे गुणोत्तर ५० आले, म्हणजे वाढलेले. अल्ब्युमिनचा आकडा तोच असूनही अर्थ मात्र निराळा. म्हणूनच नुसत्या 'मायक्रोअल्ब्युमिन'ऐवजी गुणोत्तर मागून घेणे श्रेयस्कर ठरते.

नमुना सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा असल्यास उत्तम. दिवसभराच्या हालचालींचा परिणाम त्यावर झालेला नसतो. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी. उपाशी राहण्याची गरज नाही. खर्च काही शे रुपयांच्या घरात असतो आणि शहरांतील बहुतेक प्रयोगशाळांत ही सोय उपलब्ध आहे.

आकडे काय सांगतात?

गुणोत्तर 'एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे इतके मिलिग्रॅम अल्ब्युमिन' असे मांडले जाते. ३० पेक्षा कमी आकडा सामान्य मानतात. ३० ते ३०० म्हणजे मध्यम वाढ. धोक्याची पहिली पायरी. ३०० च्या वर गेल्यास तीव्र वाढ. या अवस्थेत गाळण्यांची हानी पुष्कळ झालेली असण्याची शक्यता असते. काही अहवालांत मिलिग्रॅमला मायक्रोग्रॅम असे एकक दिलेले असते. तेथेही आकडा तोच राहतो, फरक पडत नाही.

३० ही रेषा सोयीसाठी आखलेली आहे. २९ आला म्हणजे निश्चिंत आणि ३१ आला म्हणजे संकट, असे नसते. धोका हळूहळू वाढत जातो. गेल्या वर्षी ८, यंदा २६ असा चढता क्रम दिसत असेल, तर दोन्ही आकडे सामान्य असूनही डॉक्टरांशी बोलणे शहाणपणाचे. त्यासाठी जुने अहवाल जपून ठेवायला हवेत.

एका अहवालाने घाबरू नये

अल्ब्युमिनचे प्रमाण एकाच व्यक्तीत दिवसागणिक बरेच बदलते. आदल्या दिवशी झालेला जोरदार व्यायाम, ताप, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, खूप वाढलेली साखर, खूप वाढलेला रक्तदाब, हृदय कमकुवत झाल्याने साठलेले पाणी, स्त्रियांची मासिक पाळी, यांपैकी कशानेही आकडा तात्पुरता वाढू शकतो. मॅरेथॉन धावून आल्यावर दुसऱ्याच दिवशी नमुना देणाऱ्याचा अहवाल विश्वासार्ह म्हणता येत नाही.

म्हणून नियम असा की, पहिला अहवाल वाढलेला आल्यास तीन ते सहा महिन्यांच्या काळात पुन्हा तपासणी करायची. तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली, तरच ती खरी मानायची. याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. 'त्या दिवशी ताप होता' असे म्हणत पुढची तपासणी टाळणे हा या नियमाचा गैरवापर होय. नियम पुन्हा तपासण्याचा आहे, विसरून जाण्याचा नाही.

स्नायू कमी असलेल्या वृद्ध, कृश व्यक्तीत क्रिएटिनिन कमी तयार होते. त्यामुळे तिचे गुणोत्तर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. पिळदार शरीराच्या व्यक्तीत याच्या उलट घडते. अहवाल वाचताना समोरची व्यक्ती पाहणे आवश्यक ठरते ते यासाठी.

'क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना!'

मधुमेहींच्या तोंडी हमखास ऐकू येणारे हे वाक्य. रक्तातील क्रिएटिनिन ही उपयुक्त तपासणी आहे. परंतु ती उशिरा बोलते. मूत्रपिंडाची राखीव शक्ती एवढी असते की, त्याची निम्म्याच्या आसपास क्षमता गेली तरी क्रिएटिनिनचा आकडा अनेकदा सामान्य मर्यादेतच राहतो. म्हणून आता त्या आकड्यावरून, वय आणि लिंग विचारात घेऊन, मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात. त्याला 'ईजीएफआर' म्हणतात. हा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर मूत्रपिंडविकार झाला असे मानतात.

तरीही दोहोंपैकी एकच तपासणी पुरेशी नाही. बहुतेकांत आधी अल्ब्युमिन झिरपते आणि नंतर गाळण्याचा वेग घटतो. काही मधुमेहींत मात्र अल्ब्युमिन सामान्य असतानाच वेग घटलेला आढळतो. म्हणून लघवीतील गुणोत्तर आणि रक्तावरून काढलेला वेग, या दोन्ही तपासण्या वर्षातून किमान एकदा एकत्र कराव्यात, अशी जगभरातील मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. बालपणी वा तरुणपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांनी त्यांची सुरुवात करायची. प्रौढपणी आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात मात्र निदानाच्या दिवशीच, कारण हा मधुमेह कळण्यापूर्वीच काही वर्षे अंगात मुरलेला असतो.

येथे आणखी एक फसवी गोष्ट सांगायला हवी. इन्शुलिनचा काही भाग मूत्रपिंडात विघटित होतो. मूत्रपिंड दुबळे झाले की इन्शुलिन शरीरात जास्त काळ टिकते. परिणामी तेवढ्याच औषधात साखर कमी येऊ लागते, डोस घटवावा लागतो, कधी साखर अचानक खूप उतरते. घरात आनंद होतो, की 'यंदा साखर ताब्यात आली'. पथ्य वा व्यायामात काहीही बदल न करता साखर आपोआप सुधारत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी तातडीने करून घ्यावी.

लघवीला फेस येणे, पायांवर व सकाळी डोळ्यांखाली सूज, थकवा, मळमळ ही लक्षणे दिसण्याची वाट पाहणे धोक्याचे. फेस येतो तेव्हा गळती बरीच वाढलेली असते, आणि मळमळ-थकवा तर शेवटच्या टप्प्यातील पाहुणे.

सापडले तर पुढे काय?

एखादी तपासणी करण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा तिच्या निष्कर्षावर काही करता येते. येथे पुष्कळ करता येते. बॉस्टन येथील रुग्णांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील मायक्रोअल्ब्युमिनुरिया सहा वर्षांत ५८ टक्के रुग्णांत मागे हटल्याचे दिसले. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांत हे अधिक घडले. गळती सुरू झाली म्हणजे मूत्रपिंड निकामी होणारच, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली.

साखरेवर नियंत्रण ही पहिली पायरी. कडक नियंत्रणाने मूत्रपिंडाची हानी टळते वा लांबते, हे पहिल्या प्रकारात १९९३ मध्ये, तर दुसऱ्या प्रकारात १९९८ मध्ये मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले. दुसरी पायरी रक्तदाबाची. गाळणीतील दाब थेट उतरवणाऱ्या औषधांचा एक गट येथे उपयोगी पडला. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी आवळलेली वाहिनी ही औषधे सैल करतात. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या औषधाच्या ४०९ रुग्णांवरील अभ्यासात मृत्यू, डायलिसिस वा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आला. २००१ मध्ये लोसार्टान आणि इर्बेसार्टान यांचे असेच लाभ दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात दिसले. लघवीत अल्ब्युमिन वाढलेल्या आणि रक्तदाब असलेल्या मधुमेहींना या गटातील औषध द्यावे, असा प्रघात तेव्हापासून पडला. ही औषधे गर्भवतींना देत नाहीत आणि ती सुरू केल्यावर रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे लागते.

त्यानंतर जवळपास दोन दशके या क्षेत्रात नवे फारसे घडले नाही. २०१९ मध्ये चित्र पालटले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या 'ग्लिफ्लोझिन' गटातील कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाचा ४,४०१ रुग्णांवरील अभ्यास लाभ स्पष्ट दिसल्याने मुदतीआधीच थांबवण्यात आला. मूत्रपिंड निकामी होणे आणि संबंधित मृत्यूंचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी घटला होता. पुढे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांनीही तसाच लाभ दाखवला. ही औषधे गाळणीत रक्त आणणाऱ्या वाहिनीचे सैलपण कमी करून दाब उतरवतात. २०२० मध्ये फिनेरेनोन आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड यांच्या अभ्यासांनी आणखी दोन पर्याय पुढे आणले. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले. अनेक देशी कंपन्यांनी ती बाजारात आणल्याने त्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या.

ग्लिफ्लोझिन गटातील औषधे घेताना गुप्तांगाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा शस्त्रक्रियेच्या काळात ती तात्पुरती थांबवावी लागतात. श्रावण-नवरात्रात निर्जळी उपवास धरणाऱ्यांनी हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. कोणते औषध कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ते घेऊ नये.

औषधांइतकेच महत्त्व रोजच्या सवयींना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी असावे. पानातले वरचे मीठ बंद केले, तरी लोणचे, पापड, फरसाण आणि खारे शेंगदाणे यांतून ते पोटात जातच असते. तंबाखू आणि धूम्रपान यांनी हानीचा वेग वाढतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. घटकद्रव्यांची नोंद नसलेल्या पुड्या व भस्मे यांपासूनही दूर राहावे. त्यांत जड धातू असण्याचा धोका असतो.

हृदयाचाही आरसा

लघवीत अल्ब्युमिन येणे ही केवळ मूत्रपिंडाची तक्रार नसते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर मूत्रपिंडात बिघडले असेल, तर ते डोळ्यांत आणि हृदयातही बिघडलेले असण्याची शक्यता मोठी. अशा अनेक रुग्णांचा मृत्यू डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने होतो. म्हणून अहवाल वाढलेला आल्यास डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि हृदयाच्या धोक्याचे मूल्यमापन करून घेणे अगत्याचे. डेन्मार्कमध्ये मायक्रोअल्ब्युमिनुरिया असलेल्या १६० मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सवयी या सर्वांवर एकाच वेळी काम केल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले.

उलट बाजूही आहे. मधुमेह आहे म्हणून मूत्रपिंडाचा प्रत्येक आजार मधुमेहामुळेच, असे नसते. अल्ब्युमिन अचानक वाढले, लघवीत रक्तपेशी आढळल्या किंवा मूत्रपिंडाची शक्ती झपाट्याने घटली, तर दुसरे कारण शोधावे लागते. त्यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञ कधी बायोप्सीचा सल्ला देतात.

तरीही तपासणी का टळते?

चेन्नईतील मधुमेहींच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत २६.९ टक्के लोकांत मायक्रोअल्ब्युमिनुरिया, तर २.२ टक्के लोकांत उघड मूत्रपिंडविकार आढळला. म्हणजे तपासणीने ज्यांना वेळेत सावध करता येईल, असे लोक आजार उघड झालेल्यांच्या बारापट होते. संधी कोठे आहे, ते या दोन आकड्यांवरून कळते.

ती हुकते याची कारणे साधीच आहेत. दुखत नाही, म्हणून गरज वाटत नाही. 'फुल बॉडी चेकअप'च्या अनेक स्वस्त पॅकेजमध्ये लघवीची रुटीन तपासणी असते, गुणोत्तर नसते. रुग्णाला दोन्ही एकच वाटतात. रुग्णांच्या गर्दीत डॉक्टरांचे लक्ष साखरेच्या आकड्याकडे जाते. लघवीची बाटली घेऊन जाण्याचा संकोच हेही एक कारण आहेच.

टाळण्याची किंमत मात्र मोठी. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. २०१६ मध्ये जाहीर झालेला पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे उपचारांचा भार काहीसा हलका होतो. तरी येण्याजाण्याचा खर्च, बुडणारी रजा, सोबत बसणाऱ्या नातेवाइकाचा रोजगार यांचा हिशेब कोणत्याही योजनेत पूर्णपणे बसत नाही. घरातील कर्ता माणूस आठवड्यातले तीन दिवस यंत्राला जोडलेला असणे म्हणजे काय, हे त्या घरालाच ठाऊक असते.

वर्षातून एकदा, लक्षात राहील असा दिवस ठरवून ही तपासणी करता येईल. कोणी वाढदिवस निवडावा, कोणी १४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन, कोणी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी येणारा जागतिक मूत्रपिंड दिन. दिवस कोणताही असो, त्या सकाळी एक छोटी बाटली प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे.

मधुमेहींसाठी थोडक्यात

- वर्षातून किमान एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तावरून ईजीएफआर, दोन्ही तपासावे.
- दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, पहिल्या प्रकारात पाच वर्षांनी सुरुवात करावी.
- युरिन रुटीनमध्ये 'प्रोटीन : निल' आले, तरी गुणोत्तराची तपासणी टाळू नये.
- ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा जोरदार व्यायामानंतर लगेच नमुना देऊ नये.
- गुणोत्तर ३० च्या वर आल्यास तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करावी.
- दरवर्षीचे अहवाल एका फाइलमध्ये क्रमाने ठेवावेत आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावेत.
- वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.